माहेरचा गाळ

करंजओढ्याचा तलाव गळायचा, आणि तो गळावा अशीच गावाची इच्छा होती. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगताना सारिका गलांडेची दरवेळी दमछाक व्हायची. लोकांना वाटतं, धरण म्हणजे पाणी अडवणं. पण बहात्तरच्या दुष्काळात गावाच्या आज्या-पणज्यांनी डोक्यावरून पाट्या वाहून घातलेली ही भिंत पाणी अडवायची ते मुरवण्यासाठी. पोटात काळी चिकणमाती, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडांचं अस्तर. साठलेलं पाणी तळातून आणि भिंतीखालून सावकाश झिरपायचं आणि खालच्या सत्तर विहिरींना वर्षभर पोसायचं. कालवा नाही, पाट नाही, भांडण तर त्याहून नाही, कारण जमिनीखालून चाललेल्या पाण्याला कोण आडवं जाणार?

भिंतीच्या पायथ्याशी दगडी गटार होतं. त्याच्या तोंडाला एक लोखंडी पत्रा, आणि पत्र्यात खाली निमुळती होत गेलेली खाच. या खाचेतून किती बोटं पाणी वाहतं ते रोज सकाळी सातला मोजणं हे सारिकाचं काम. मापाचं यंत्र तीनदा बसवून झालं होतं. एकदा उंदरांनी वायर खाल्ली, दोनदा माणसांनी नेली. तेव्हापासून गाव पुन्हा सारिकाच्या बोटांवर आलं होतं. दसऱ्याला ग्रामसभेत ती खाचेचा आकडा सांगायची आणि त्यावर सगळ्यांचं रब्बी ठरायचं. सहा बोटं असली तर गहू, चार असली तर ज्वारी-हरभरा, त्याच्या खाली गेली तर प्यायचं पाणी आणि कडबा. या आकड्यावर कुणी हुज्जत घालत नसे. नवरा सोनं गाळायच्या, गलाईच्या धंद्यापायी कोइमतूरला, एकुलती एक पोरगी प्रणाली कॉलेजात. अशा घरातल्या बाईच्या शब्दावर सबंध गाव पेरणी करायचं, याचा सारिकाला मनातून फार अभिमान होता.

दोन हजार त्रेचाळीस सालच्या दिवाळीनंतर खाचेतून गढूळ पाणी यायला लागलं.

गळणारं पाणी नितळ असेल तोवर भिऊ नये. ते गढूळ झालं म्हणजे भिंत आतून खाल्ली जातेय, माती पाण्याबरोबर निघून चाललीय. हे सारिकाला सासऱ्यांनी शिकवलं होतं. तिनं एका बाटलीत ते पाणी भरलं आणि तालुक्याला धाडलं. पंधरा दिवसांत संशोधन संस्थेची गाडी तलावावर येऊन उभी राहिली.

गाडीतून उतरलेल्या डॉ. शर्वरी देवस्थळी चाळिशीच्या, बुटक्या आणि बोलायला मोकळ्या होत्या. भिंतीवर बसून, सारिकाच्या डब्यातली भाकरी खात त्यांनी आपला इलाज सांगितला. मातीत एक जिवाणू असतो. त्याला युरिया मिळाला की तो फोडून खातो, त्यातून अमोनिया बाहेर पडतो आणि आजूबाजूच्या चुन्याचा दगड बनतो. मातीच्या दोन कणांमध्ये हा दगड बसतो आणि कण एकमेकांना चिकटतात. निसर्गातला जिवाणू हे काम रमतगमत करतो. प्रयोगशाळेत घडवलेला त्यांचा जिवाणू तेच काम शंभरपट वेगानं करत होता, आणि बाहेरून चुना घालायचीही गरज नव्हती. माणदेशच्या मातीत चुनखडीचे खडे पडलेले असतातच, तेवढे त्याला पुरायचे.

"आम्ही भिंतीत बारीक भोकं पाडून जिवाणू सोडणार, वरून मापात युरिया देणार," बाई म्हणाल्या. "चिरा बुजल्या की युरिया बंद. चाळीस दिवसांत तो उपाशी मरतो. पाझर चार बोटांवर राहील, पण नितळ."

"आन् न्हाई मेला तर?" सारिकानं विचारलं.

"मरतो. अकरा धरणांवर मेलाय." मग त्यांनी मांडीवरची वही उघडली. "सारिकाताई, तलावातून बाहेर काय काय जातं? सगळं सांगा."

सारिकानं खरोखर विचार करून उत्तर दिलं. "पानी जातं, मॅडम. आन् चार मासं कुनी धरलं तर. आनखी काय जानार?"

ती खोटं बोलली नव्हती. करंजओढ्यात कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. दर वैशाखात तलाव आटला की गाव तळातला गाळ काढून शेतात नेऊन टाकायचं, पण तो गाळ तलावाचा आहे असं कुणाच्या कधी मनातच आलं नव्हतं. ती शेतातली माती. पावसानं वाहून नेलेली, उन्हाळ्यात परत आणलेली. चुकार वासरू दावणीला आणून बांधलं तर गोठ्यातून काही बाहेर गेलं असं कोण म्हणेल?

डॉक्टरबाईंनी वहीत 'पाणी, मासे' असं लिहिलं आणि वही मिटली.

इलाज लागू पडला. महिन्याभरात खाचेतलं पाणी काचेसारखं झालं आणि बरोबर चार बोटांवर थांबलं. गावानं बाईंना फेटा बांधला. सारिकाचा जीव भांड्यात पडला. पुढं माघात प्रणालीचं लग्न झालं. डोंगरापलीकडचं पळसखोरी गाव, चौदा किलोमीटरवर, माणसं भली, जावई सुयोग शेतीत राबणारा.

वैशाखात तलाव आटला. एकसष्ट ट्रॉल्या गाळ निघाला. कुणाच्या शेतात किती गेला ते सारिकानं नेहमीप्रमाणे फोनमध्ये टिपून ठेवलं. एकसष्टावी ट्रॉली तिची स्वतःची होती. लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिच्या सासरच्या शेतात माहेरच्या तलावाचा गाळ धाडायचा, ही करंजओढ्याची रीत. ट्रॉलीवर पाच पाट्या वेगळ्या भरून ठेवायच्या, त्यांना हळद-कुंकू लावायचं. त्या सासरच्या पाच सवाष्णींच्या शेताला. सारिका ट्रॉलीच्या मागं वेशीपर्यंत चालत गेली होती, आणि तिला रडू आलं होतं.

श्रावणात बाजरीला युरियाचा दुसरा हप्ता पडला आणि चार दिवसांनी तिचा थोरला दीर संपत सकाळीच दारात येऊन उभा राहिला.

"सारिका, माझ्या रानात चल जरा. कसला तरी वास मारतोय."

वास लांबूनच आला. नाकात झोंबणारा, बंद गोठ्यात येतो तसला. बाजरी गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली होती. तीन दिवसांपूर्वीचा पाऊस सरीसरीतून अजून उभा होता. संपतनं फावडं मारलं तर वरची दोन बोटं चिखल निघाला आणि खाली फावडं खणकन वाजलं.

"गेल्या साली हितं बैल पोटापतुर रुतला हुता," संपत म्हणाला. तो मुळात थट्टेखोर गडी, पण त्याला हसू येईना.

सारिका घरी गेली नाही. तशीच तलावावर गेली. खाचेत तीन बोटं पाणी होतं. भाद्रपदात दोन झालं. तलाव परतीच्या पावसानं काठोकाठ भरला, तशी खाच आणखी उतरली. खालच्या विहिरींत उतरून पाहिलं तर जिथून झरे फुटायचे तिथं पांढरा, खरबरीत लेप बसला होता. सारिकानं नखानं खरवडला तेव्हा नख मोडलं. दसऱ्याच्या आदल्या सकाळी खाच कोरडी होती. वर दोन पुरुष पाणी आणि खाली थेंब नाही, असं एकाहत्तर वर्षांत कधी झालं नव्हतं. भिंतीच्या पोटात पाणी तुंबून ती फुटेल या भीतीनं पायथ्याची अकरा घरं शाळेत हलवली गेली.

ग्रामसभेत सारिका उभी राहिली. दरवर्षी ती आकडा सांगून खाली बसायची. यंदा सांगायला आकडाच नव्हता. "काय न्हाई," एवढंच ती शेवटी म्हणाली. "खाचंला काय न्हाई."

डॉ. देवस्थळी सभेला आल्या होत्या. त्यांनी कुणावर ढकललं नाही.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "काही जिवाणू मेले नाहीत. कवच करून गाळात झोपून राहिले. तो गाळ शेतात गेला, शेतात चुनखडी होती, आणि तुम्ही वरून युरिया दिलात. त्याला जे जे हवं ते सगळं मिळालं. वरच्या रानांतला युरिया पावसाबरोबर तलावातही उतरला, म्हणून भिंतही बुजली. बाहेर काय जातं हे मी विचारलं, पण गाळाचं नाव घेऊन विचारलं नाही. आता ऐका. तो पाण्याबरोबर मातीतून खाली सरकतो. एका शेतातून शेजारच्या, तिथून विहिरीत, विहिरीतून ओढ्याला. जिथं जिथं गाळ गेलाय तिथली हातभर माती काढून भाजावी लागेल. पाच वर्षं पीक नाही, पाच वर्षं युरिया नाही. मला प्रत्येक ट्रॉलीचा पत्ता पाहिजे. एक जरी सुटली तर मग हे आपल्या हातात राहणार नाही."

मग त्यांनी एक सोपी परीक्षा दाखवली. वीतभर खड्डा खणायचा, त्यात लोटाभर पाणी ओतायचं आणि आकडे मोजायचे. पंचवीसच्या आत पाणी जिरलं तर माती चांगली. शंभराच्या पुढं गेलं तर तो तिथं पोचलाय.

सगळ्यांचे डोळे सारिकाकडं वळले, कारण पत्ते तिच्याकडं होते. संपत पहिला उठला. "माझ्या सात ट्रॉल्या लिवा," तो म्हणाला, आणि खाली बसून त्यानं टॉवेलात तोंड घातलं. पाच वर्षं म्हणजे त्याच्या वयाच्या माणसाला उरलेली सगळी शेती. ते सभेतल्या प्रत्येकाला कळत होतं.

सारिकाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यादी द्यायची होती. ती घरी पोचते न पोचते तोच प्रणालीचा फोन आला. बातमी डोंगर ओलांडून आधीच गेली होती.

"आई, आमचं नाव देऊ नको."

"अगं, पर..."

"यांनी दोनशे डाळिंबं लावल्यात त्या गाळात. नवी बाग हाय, आई. माती काढली तर झाडं गेली. मी आल्यापास्नं पहिल्यांदा घरात कायतर चांगलं झालंय. सगळी म्हणतात, सुनंच्या पायगुणानं बाग धरली. आता काय सांगू त्यास्नी, माझ्या माहेरनं इख धाडलं म्हणून?" प्रणाली रडायला लागली. लेक रडताना ऐकायची सारिकाला सवय नव्हती. पोरगी लहानपणापासून हसरी.

"झाडं कशी हायती?"

"हिरवीगार. वास न्हाई, काय न्हाई."

"युरिया घालू नका. शपथ घे माझी."

"न्हाई घालत. तुझी शपथ."

मग सारिकानं स्वतःची समजूत घालायला घेतली, आणि या कामात माणूस किती हुशार असतो ते तिचं तिलाच नवल वाटलं. पळसखोरी डोंगरापलीकडं, त्याचा ओढाच वेगळा. तिकडची जमीन तांबडी, चुनखडी कमी. एकसष्टांत एक ट्रॉली. युरिया नाही तर जिवाणू उपाशी मरणार, असं खुद्द मॅडमच म्हणाल्या होत्या. त्या आणखीही काही म्हणाल्या होत्या, ते तिनं आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं यादी दिली. साठ ट्रॉल्या.

"सगळ्या आल्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आल्या," सारिका म्हणाली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून आभार मानले, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या दोन आठवड्यांत गावात माती भाजायची यंत्रं फिरली. दिवसभर धूर. हातभर खोल माती एका तोंडातून आत जायची आणि दुसरीकडून विटकरी भुकटी होऊन पडायची. तिच्यात ना किडा, ना मुंगी, ना गवताचं बी. संपत बांधावर बसून ते बघायचा. सारिका त्या वाटेनं जायचं टाळायची. एकदा त्यानंच हाक मारली.

"सारिका, बरं झालं तुज्याकडं पत्तं हुतं," तो म्हणाला. "न्हाईतर एखाद्यानं लपवलं असतं आन् माझं रान फुकट जळालं असतं."

तिला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि ती भराभर चालत निघून गेली.

दिवाळीच्या चार दिवस आधी ती प्रणालीला पहिल्या सणाला आणायला पळसखोरीला गेली. भाऊ नाही म्हणून मुराळी आईच. एस.टी.तून उतरली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पिशवीत चकल्या होत्या, विहिणीला साडी होती, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक पितळी लोटा होता. तो का घेतला हे तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

विहीण मंदाकिनीबाई अंगणातच भेटल्या. मोठ्या मनाची, मोठ्या आवाजाची बाई. "या या, विहीणबाई! तुमची लेक बागंतच हाय. झाडं सोडून घरात येत न्हाई बघा."

सारिकानं बागेच्या बांधावर पाय ठेवला. वारा पलीकडून होता, तरी नाकात बारीकशी झोंब आली. प्रणाली धावत आली, गळ्यात पडली. आईनं आधी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग विचारलं, "युरिया घातलास?"

"न्हाई गं! हातानं एक दाना टाकला न्हाई."

"मग ठिबकच्या टाकीत काय हाय?"

प्रणालीनं टाकीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. "ते... ते तर कंपनीचं तयार खत येतं. आपोआप सुटतं. त्यात काय असतंय ते..." ती टाकीवरचं लेबल वाचायला लागली.

सारिकानं लोटा काढला. डाळिंबाच्या एका झाडाजवळ खुरप्यानं वीतभर खड्डा खणला, नळीचं पाणी लोट्यात धरून त्यात ओतलं आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. झाड टवटवीत होतं, पालवी तांबूस होती. दहा. अकरा.

मंदाकिनीबाई पदरानं वारा घेत मागून आल्या. विहीण झाडाची पूजा करतेय असंच त्यांना वाटलं असावं. "लई गुणाचा गाळ तुमचा," त्या कौतुकानं म्हणाल्या. "आमच्या आळीत कुनी असला काळाभोर गाळ बघितला नव्हता. तुमची रीत पोरीनं सांगितली, पाच सवाष्णींना पाच पाट्या. म्या म्हनलं, पाचच का? आपल्याला काय कमी हाय? अर्धा गाळ बागंला टाकला आन् अर्धा वाटला. घरटी एक पाटी, हळद-कुंकू लावून. त्रेचाळीस घरं केली."

सव्वीस. सत्तावीस. सारिकाच्या तोंडातले आकडे बाहेर ऐकू येईनासे झाले, ओठ तेवढे हलत होते. पाच पाट्या. त्या तिनं स्वतःच्या हातानं भरल्या होत्या, कुंकू स्वतःच्या बोटानं लावलं होतं. यादी देताना तिनं पोरीची बाग लपवली, तेव्हा त्या पाच पाट्या तिला आठवल्याच नव्हत्या.

"आन् माझ्या तिघी लेकींना एकेक पोतं धाडलं," मंदाकिनीबाई सांगतच होत्या. "एक विट्याकडं असती, एक बारामतीकडं, धाकटी पार विजापूरकडं. तिकडं तर उसाचं रान हाय. युरियाची पोतीच्या पोती पडत्यात. म्हनलं, खावा वहिनीच्या माहेरचं."

ऐंशी. एक्क्याऐंशी. खड्ड्यातलं पाणी होतं तिथंच होतं. त्यावर एक मुंगी तरंगत होती, काठाला लागायची धडपड करत होती.

"आई," प्रणाली हळूच म्हणाली. "किती झालं?"

शंभर झाले तेव्हा सारिकानं मोजणं थांबवलं आणि फोन काढला. नंबर दोनदा चुकला. डॉ. देवस्थळींनी लगेच उचलला. मागं यंत्रांचा आवाज येत होता, त्या संपतच्याच शेतावर होत्या.

"मॅडम, यादीत एक ट्रॉली कमी हाय."

"कुणाची?"

"माझी."

पलीकडं बाईंनी कुणाला तरी यंत्र बंद करायला सांगितलं. "कुठल्या शेतात?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

"एका शेतात न्हाई, मॅडम. लिवून घ्या." सारिकानं फोन कानापासून जरा दूर धरला. "प्रणाली, नावं सांग. एक बी सोडू नको."

मंदाकिनीबाईंना काही उमगेना. त्या दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. प्रणाली बोटांवर मोजत एकेक घर आठवायला लागली. एक हात संपला, दुसरा संपला, ती परत अंगठ्यावर आली, आणि सारिका तिचं प्रत्येक नाव फोनमध्ये जसंच्या तसं म्हणत राहिली. आळीतली संपली की मग खालची वस्ती होती, मग विटं, बारामती, विजापूर. खड्ड्यातलं पाणी अजून तसंच काठोकाठ होतं.